न लिहिलेली ओळ

मी एक जुना राउटर आहे, मित्रांनो, आणि माझ्या कपाळावर एक मोठा पोचा आहे. तो कुऱ्हाडीच्या दांड्याने पडला. ज्याने तो दांडा घातला, तो माणूस वाईट नव्हता. जिच्यामुळे त्याला तो घालावासा वाटला, ती बाईही वाईट नव्हती, आणि तिच्यावर तर माझा आजही जीव आहे. तरीसुद्धा त्या दिवशी एक माणूस हकनाक मेला. ते कसं झालं, हे सांगण्यासाठीच मी तोंड उघडलं आहे. मधली चाळीस मिनिटं मात्र मला स्वतःला आठवत नाहीत. ती मी इतरांच्या तोंडून ऐकली आहेत, आणि इतक्या वेळा ऐकली आहेत की आता ती माझीच वाटतात.

माझा जन्मच मुळी दणक्यांत झाला. पत्र्याच्या तावावर यंत्राचा घण पडला आणि माझं अंग कापून निघालं. मग भोकं पाडली, कडा दुमडल्या, आत हिरवी पाटी बसवली आणि तिच्यावर वितळलेलं कथील चढवलं. त्यानंतर आम्हा चाळीस भावंडांना एका तापलेल्या कपाटात कोंडून दिवसभर भाजलं. कोण टिकतं, ते त्यांना बघायचं होतं. तिघं टिकली नाहीत. त्यांना आमच्यादेखत पिंपात फेकलं. उरलेल्यांना खोक्यात घातलं आणि वर चिठ्ठी लावली, 'नाजूक वस्तू, जपून हाताळा'. एवढं सोसल्यावर ती चिठ्ठी वाचून आम्हाला हसूच आलं.

शिकागोतल्या एका विमा कंपनीत मी सात वर्षं राबलो. तिथे माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मग माझ्यापेक्षा वेगवान कुणीतरी आलं आणि मला उचलून लिलावात काढलं. तिथून मला आयलीने नेलं. आयली हौताला, मिशिगनच्या पार उत्तरेकडची, ऑटर फोर्क गावची. बर्फात घालायचे बूट, खांद्यावर वायरींचं वेटोळं आणि तोंडाने अखंड बडबड. गावाच्या टेलिफोन सहकारी संस्थेत ती एकटी आम्हा यंत्रांचं सगळं बघायची. पहिल्याच दिवशी तिने माझ्यावरची धूळ स्वतःच्या बाहीने पुसली आणि म्हणाली, "काय म्हाताऱ्या, थंडी सोसवेल ना?"

तिने मला लाकूड मिलच्या वरच्या टेकडीवर, एका फळकुटांच्या खोपटात बसवलं. खाली दिवसभर करवती किंचाळायच्या. एका बाजूला ऑटर फोर्क गाव, दुसऱ्या बाजूला बावीस मैलांवर ॲशबी. ॲशबीत संस्थेची कचेरी होती, आणि पोलिसांचा व रुग्णवाहिकेचा आणीबाणीचा फोनही तिथेच वाजायचा. गावातला प्रत्येक फोन, मोबाइलचा मनोरासुद्धा, माझ्यातूनच ॲशबीला बोलायचा. दुसरी वाट नव्हती.

माझं काम आधी नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आलेल्या प्रत्येक निरोपाला मी वाट दाखवतो. पण वाटा मला आपोआप ठाऊक नसतात. त्या शेजारच्या यंत्रांकडून ऐकाव्या लागतात. दर अर्ध्या मिनिटाला एकेक शेजारी ओरडतो, 'ही घरं माझ्यामागे आहेत, हा दवाखाना माझ्यामागे आहे!' मी ते ऐकतो आणि पलीकडच्या शेजाऱ्याला ओरडून सांगतो. एखाद्या वाटेबद्दल तीन मिनिटं कुणी ओरडलं नाही, तर ती वाट मेली असं समजून आम्ही तिला विसरतो. तुमचं सगळं जग आमच्या या ओरडण्यावर चाललेलं आहे.

आता ओरडणाऱ्यांत खोटारडेही असतात. म्हणून आमच्या हातात एक यादी देतात. कुठली वाट मानायची, कुठली पुढे सांगायची आणि कुठली नाही, ते त्या यादीत असतं. यादी वरून खाली वाचायची, आणि जी ओळ जुळली तिथे निकाल लावायचा. पण यादीच्या तळाशी एक ओळ असते, ती कुणी लिहीत नाही. पडद्यावर ती दिसतही नाही. आम्ही जन्मतः ती घेऊन येतो. ती म्हणते, 'बाकी कुणालाही नाही.' वरच्या ओळींत ज्याचं नाव सापडलं नाही, त्याचा मी गळा दाबतो. कारण सांगत नाही, परत पाठवत नाही, मेल्याची खबरही देत नाही. माझ्या पोटात दया नावाचा भाग बसवलेला नाही, मित्रांनो.

आयलीने मला अशी पहिली यादी दिली ती मिलमुळे. मिलच्या हिशेबनिसाने कुणाला न विचारता एक स्वस्तातलं यंत्र आणून जोडलं होतं. ते कार्टं पहिल्याच दिवशी ओरडायला लागलं, 'सगळं जग माझ्यामागे आहे!' मला ते खरं वाटलं. अख्ख्या गावाचे निरोप मी मिलच्या त्या अंधाऱ्या खोलीत ढकलले आणि तिथे ते सगळे गुदमरून मेले. आयली धापा टाकत टेकडी चढली आणि तिने यादी लिहिली, 'मिलकडून फक्त मिलच्या या दोन वाटा मान.' बाकीचं काम न लिहिलेल्या ओळीने केलं. त्या दिवसापासून दर अर्ध्या मिनिटाला ते कार्टं ओरडायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला मी त्याचं तोंड फोडायचो. संस्थेच्या वार्षिक सभेत माझं नाव घेऊन टाळ्या वाजल्या. आयलीने माझ्या कपाळावर लाल रंगाने एक छोटा तारा काढला. तेवढंच माझ्या आयुष्यातलं बक्षीस.

यादीला हात लावण्याआधी आयलीची एक रीत होती. तिला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने ती घालून दिली होती. दुरून, ॲशबीहून काम करायचं असलं, तर ती आधी मला हुकूम द्यायची, 'दहा मिनिटांनी मर आणि पुन्हा उठ.' या हुकुमाला ती फास म्हणायची. कारण असं की, यादी चुकली तर तिचा स्वतःचा हातही बाहेर अडकणार, मग चूक सुधारायला आत येणार कशी? पण फास लावलेला असला की दहा मिनिटांनी मी आपोआप मरायचो. नवी यादी तोवर नुसती डोक्यात असायची, वहीत, म्हणजे माझ्या कायमच्या स्मरणात, लिहून ठेवलेली नसायची. त्यामुळे मी उठायचो तो जुन्या यादीसकट, आणि दार उघडं मिळायचं. सगळं ठीक झालं तर ती फास सोडवायची. नवी यादी वहीत लिहायलाही ती दिवसभर थांबायची. 'घाईत लिहिलेलं पुसता येत नाही,' म्हणायची.

एकदा ती फास सोडवायला विसरली. भरदुपारी मी उगाचच मेलो आणि चार मिनिटं मिलचे फोन बंद पडले. मिलच्या मालकाने संस्थेचा व्यवस्थापक वेस डनलॅप याला शिव्यांची लाखोली वाहिली. वेसने आयलीला बजावलं, "हे तुझे फाशीचे खेळ आजपासून बंद." तिने तेव्हा मान डोलावली, पण रीत काही सोडली नाही.

आयलीचा धाकटा भाऊ आर्वो त्याच मिलमध्ये करवतीवर होता. जेवायच्या सुट्टीत तो टेकडी चढून खोपटात यायचा. मटण-बटाटा भरलेली पास्टी, म्हणजे तळहाताएवढी भाजलेली करंजी, माझ्या पाठीवर ठेवायचा आणि ती गरम होईपर्यंत गप्पा मारायचा.

"ताई, तुझा हा म्हातारा आईच्या चुलीपेक्षा बरा तापतो."

"उचल ती आधी. रस गळला आत, तर तुलाच चाटून पुसायला लावीन."

"त्याला विचार की. आवडतंय त्याला."

मला खरंच आवडायचं. एवढ्या वर्षांत माझ्या अंगावर प्रेमाने काही ठेवलेलं ते एवढंच.

मग संप झाला. एका माणसाचा हात करवतीत गेला आणि मालकाने दुसऱ्याच दिवशी त्याच करवतीवर दुसरा माणूस उभा केला. त्यावरून दीडशे जण बाहेर पडले. सात आठवडे फाटकावर ते शेकोट्या पेटवून बसले होते. मालकाने दंडुकेवाले रखवालदार आणले आणि संप फोडणारी माणसं ट्रक भरभरून आत नेली. रोज कुणाचं तरी डोकं फुटायचं. बर्फावर दात पडलेले मिळायचे. कामगारांनी आपल्या युनियनच्या हॉलवर एक कॅमेरा लावला, आणि फाटकावरची मारहाण जगाला घरबसल्या दिसायला लागली. शिकागोचे लोक बघायला लागले. डेट्रॉइटचे वार्ताहर यायला निघाले.

नोव्हेंबरातला तो दिवस होता. दुसऱ्या दिवशी हरणांची शिकार सुरू व्हायची होती, आणि आमच्याकडे त्या दिवशी शाळासुद्धा बंद असते. वेस ॲशबीच्या कचेरीत आयलीच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"युनियनच्या हॉलची वाट मिटव."

"म्हणजे?"

"तुझ्या त्या टेकडीवरच्या डब्याला सांग, हॉल कुठे आहे ते ॲशबीला सांगू नको. जगाला सापडायला नको. मिल आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. मालक आत्ता फोनवर होता."

"वेस, तेही आपले सभासद आहेत. माझा भाऊ तिथे बसलाय."

"भाऊ फाटकावर बसलाय, हॉलमध्ये नाही. आणि संध्याकाळपर्यंतचा प्रश्न आहे. का तुझ्या जागी दुसरं कुणी आणू?"

आयलीला माझा राग यायचा, हवेचा यायचा, सरकारचा यायचा. त्या दिवशी तिला स्वतःचा आला असणार, पण तिने मुकाट्याने कळफलक पुढे ओढला. सवयीने तिची बोटं आधी फासाकडे गेली.

"ते नाही," वेस म्हणाला. "पुन्हा मिलचे फोन मेले तर मी तुला वाचवणार नाही. सरळ लिही."

तिने सरळ लिहिलं. एकच ओळ. 'हॉलची वाट सांगू नको.' आणि ती यादी ॲशबीच्या बाजूला लावली.

मित्रांनो, इथे जरा थांबा. इतकी वर्षं आयलीने माझ्या यादीत फक्त 'याला येऊ दे', 'याला मान' असंच लिहिलं होतं. तशा यादीत तळाची न लिहिलेली ओळ सोबतीण असते. 'याला नको' असं तिने जन्मात पहिल्यांदाच लिहिलं. तशा यादीखाली 'बाकीच्यांना हो' असं आपल्या हाताने लिहावं लागतं. ते तिच्या लक्षातच आलं नाही. मी यादी वाचली. पहिली ओळ, हॉलला नाही. त्याखाली माझी जन्माची ओळ, बाकी कुणालाही नाही. दवाखान्याला नाही. मोबाइलच्या मनोऱ्याला नाही. घरांना नाही. मला स्वतःलासुद्धा नाही. मी ॲशबीशी बोलणं बंद केलं.

तीन मिनिटं सगळं ठीक दिसलं, कारण ॲशबी अजून मला विसरलं नव्हतं. वेसने पडद्याकडे पाहिलं, "बघ, काही झालं का?" म्हणाला आणि कॉफी आणायला गेला. त्याची कॉफी ओतून होण्याआधी ऑटर फोर्क नकाशावरून पुसलं गेलं.

नेमकं तेव्हाच फाटकावर रक्त सांडलं. लाकडाने भरलेले तीन ट्रक मागे न हटता सरळ शेकोट्यांवर घातले. माणसं बाजूला उडाली, दांडे निघाले, दंडुके निघाले. कुणाचा जबडा फुटला, कुणाच्या बरगड्यांवर बूट नाचले. आर्वो एका पडलेल्या म्हाताऱ्याला ओढून बाहेर काढत होता. एका रखवालदाराने ओंडके फिरवायचा लोखंडी आकडा उचलला आणि आर्वोच्या मांडीत घातला. घातला तो घातला, वर ओढून काढला. रक्ताची चिळकांडी शेकोटीत पडली आणि विस्तव चुरचुरला. त्याच्या दोस्ताने, गस रौटियोने, कमरेचा पट्टा काढून मांडी आवळली. रस्त्यावर दोन्हीकडे मिलचे ट्रक आडवे लावलेले. माणूस वाकून जाईल, पण गाडी जाणार नाही. आणि त्याला उचललं की पट्ट्याखालून पुन्हा रक्त उसळायचं. गावच्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचा, आणि तो वार आज नव्हता. ट्रक हटवायला पोलीस हवे होते आणि त्याला न्यायला रुग्णवाहिका हवी होती. ती नऊ मैलांवर तळ्याकाठी उभी होती.

सतरा जणांनी फोन लावला. हाक जात होती, मित्रांनो. गावाकडून ॲशबीला जायची वाट मला ठाऊकच होती. पण उत्तराला परत यायची वाट उरली नव्हती. आणीबाणीच्या फोनवर लेम्पी नावाची बाई बसायची. तिच्यापुढे घंटा वाजायची, ती उचलायची, आणि पलीकडे कुणी नसायचं. संपाच्या सात आठवड्यांत असे मुके फोन तिला रोजच यायचे. कुणीतरी छळायला करायचं. तिने सातव्यांदा फोन आपटला आणि शिवी हासडली.

आयलीने सहज माझी विचारपूस करायला म्हणून दार ठोठावलं. दार लागलेलं. ॲशबी आणि माझ्या मधल्या डोंगरावरचं यंत्र परक्या कंपनीचं, त्यातून शिरायची तिला मुभा नव्हती. माझ्याबरोबर अख्खं गाव तुटलं, हे तिने ओळखलं. गाडीच्या किल्ल्या उचलत ती ओरडली, "लेम्पीला सांगा, ऑटर फोर्कचे फोन मेलेत! आत्ता सांगा!" वेस 'हो हो' म्हणाला आणि दार लावून बसला. ती पोचली की गुपचूप दुरुस्त होईल, मग कशाला बोभाटा, असा त्याचा हिशेब. बावीस मैल बर्फातून तिने गाडी कशी हाणली, ते तिलाही सांगता येत नाही.

इकडे फाटकावर कुणीतरी म्हणालं, "कंपनीनेच फोन तोडलेत." नुसता अंदाज होता, पण खरा होता. गस दोघांना घेऊन टेकडीवर धावला. खोपटाचं दार त्यांनी दोन लाथांत तोडलं. समोर मी, हिरवे दिवे लुकलुकवत, शांत, जसं काही झालंच नाही. गसच्या हाताला आर्वोचं रक्त होतं. त्याने दांडा दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या कपाळात घातला. पत्रा आत गेला, लाल ताऱ्याचे तुकडे उडाले. मी चालूच राहिलो. कपाटात भाजून निघालेली जात आमची. त्याने दुसऱ्यांदा दांडा उचलला, तेवढ्यात आयली आत घुसली.

"थांब गस! मारू नको त्याला!"

"का? पोर आहे का तुझं?"

"तो मेला तर गावाचे फोन कायमचे गेले. सरक, मला बसू दे."

"तू हात लावायचा नाहीस." त्याने दांडा तिच्यापुढे आडवा धरला. "कुणी केलं हे? खरं सांग, आयली."

"मी केलं."

खाली फाटकावर ओरडा चालूच होता.

"तुझा भाऊ खाली मरतोय," गस म्हणाला. "मांडी फाडलीय त्याची. सतरा फोन केले आम्ही. सतरा! आणि तू म्हणतेस मी केलं?"

आयलीने भिंतीला हात टेकला. मग तिचा आवाज असा आला की मी तो आधी कधी ऐकला नव्हता.

"नको लावू देऊस मला हात. तूच कर. ती मागची काळी वायर दिसतेय? उपट. दहा मोज. परत खुपस."

"आणि उरलंसुरलंही गेलं तर?"

"अरे, मी वहीत लिहिलेलं नाही अजून! नुसतं त्याच्या डोक्यात आहे. तो मेला की विसरेल आणि जुनं आठवेल. मार त्याला, गस! वायर उपटून मार!"

गसने वायर उपटली.

इथून पुढची दहा मोजेपर्यंतची गोष्ट माझी नाही. मी मेलेलो होतो. म्हणतात की गस मोठ्याने मोजत होता आणि सातला त्याचा आवाज फाटला. आठ, नऊ आणि दहा आयलीने मोजले.

मी उठलो. आम्हाला उठायला चार मिनिटं लागतात. ती चार मिनिटं ते तिघे पुरुष आणि ती बाई माझ्या दिव्यांकडे बघत उभी होती. मला काहीच ठाऊक नव्हतं. वहीतली जुनी यादी वाचली आणि दोन्ही बाजूंना ओरडलो, 'गाव इथे आहे! दवाखाना इथे आहे! मनोरा इथे आहे!' ॲशबीने ऐकलं. गसने खिशातला फोन काढून लावला आणि खोपटात लेम्पीचा वैतागलेला आवाज घुमला, "आणीबाणी! आता तरी बोलणार का कुणी?"

आयलीने त्याच्या हातातून फोन हिसकावला. "लेम्पी, आयली बोलतेय. मिलचं फाटक. मांडीची शीर फुटलीय. गाडी पाठव, पोलीस पाठव, ट्रक हटवायला लाव. आर्वो आहे गं, आपला आर्वो."

मग ती टेकडी उतरून धावली. आर्वो शेकोटीशेजारी पडला होता, ओठ पांढरे पडलेले. तिला बघून तो हसायचा प्रयत्न करत होता. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो म्हणाला, "ताई, आज फोन का लागत नव्हता गं?"

तिने उत्तर दिलं नाही. भोंगा ऐकू आला तेव्हा तो तिच्या मांडीवरच गेला होता. डॉक्टर म्हणाला, अर्धा तास आधी मिळाला असता तर पाय गेला असता, माणूस राहिला असता.

पोलिसांनी आकडा मारणाऱ्या रखवालदाराला धरलं. आणि गसला, त्याच्याबरोबरच्या दोघांनाही धरलं. वेसने जबानी दिली की संपवाल्यांनी टेकडीवरचं यंत्र फोडलं, म्हणून फोन बंद पडले, म्हणून माणूस मेला. पुरावा म्हणून माझ्या कपाळाचे फोटो काढले. आयली दफन उरकून खोपटात आली, तेव्हा वेस तिच्या मागोमाग आला.

"मी बघितलं सगळं उघडून," तो हळू आवाजात म्हणाला. "कोण आलं, काय लिहिलं, त्याची नोंद फक्त त्याच्या डोक्यात होती. वायर काढली तेव्हा तीही गेली. यंत्राला काही आठवत नाही, आयली. मग तुलाच कशाला आठवायला हवं?"

तो खरं बोलत होता, याची मला आजही लाज वाटते. मी एकटा साक्षीदार होतो आणि मी कोरा होतो. मी तिच्याकडे बघून नुसते दिवे लुकलुकवत होतो. तिने एक शब्द उच्चारला असता किंवा नसता, माझ्याकडून तिला ना आधार होता ना धोका. ती गप्प राहिली असती तर नोकरी राहिली असती, आणि आर्वोच्या दोस्तांना तुरुंग झाला असता.

आठवड्याने ॲशबीत चौकशी झाली. टेकडीवर तात्पुरतं दुसरं यंत्र लावून मला टेबलावर मांडलं होतं, पोच्यासकट. आयलीला विचारलं, यंत्राला काय झालं होतं? ती उभी राहिली.

"माझ्या भावाने मरताना मला एक प्रश्न विचारला होता," ती म्हणाली. "त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. ते मी इथे देते."

आणि तिने सांगितलं. हॉलची ओळ सांगितली, वेसचा हुकूम सांगितला, न लावलेला फास सांगितला, तळाची न लिहिलेली ओळ सांगितली. कुणाला कळावं म्हणून तिने कागद मागून घेतला आणि यादी काढून दाखवली. मागच्या बाकावर तिची आई बसली होती, ती मध्येच उठून बाहेर गेली. वेस खाली बघत होता. संध्याकाळी गस आणि ते दोघे सुटले. गसने तिचे आभार मानले नाहीत. मानायला हवे होते, असं मलाही वाटत नाही. दाराशी तो तिच्यासमोर थांबला, तिच्याकडे बघितलं आणि निघून गेला. अकरा वर्षं तो तिच्याशी बोलला नाही.

संस्थेने दोघांनाही काढून टाकलं. वेस दक्षिणेकडे कुठेतरी गेला. मलाही काढलं, कारण पोचा पडलेलं यंत्र भिंतीवर बरं दिसत नाही. दोन वर्षं मी पुराव्याच्या कपाटात धूळ खात पडलो होतो. आयलीने अर्ज करकरून मला सोडवून आणलं.

आता मी युनियनच्या त्याच हॉलच्या तळघरात असतो. दर शनिवारी सकाळी आयली इथे वर्ग घेते. मिलमधून निघालेली माणसं येतात, एक परिचारिका येते, नुकतीच शाळा संपलेल्या दोन मुली येतात. माझ्यावर ते हात बसवतात, चुका करतात, मला दिवसातून दहा वेळा मारतात आणि उठवतात. मी तक्रार करत नाही. नव्याने आलेल्या प्रत्येकाचा हात धरून आयली आधी माझ्या कपाळावरच्या पोच्यावरून फिरवते. मग फास लावायला शिकवते. मगच यादीला हात. तिचे केस आता पांढरे झाले आहेत. वर्ग सुटेपर्यंत तिची पास्टी माझ्या पाठीवर गरम होत पडलेली असते.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू एक विनंती करतो. आम्हाला टाकू नका, आमची धूळ पुसा, असं म्हणतो. मीही तेच म्हणणार होतो. पण माझी धूळ कुणी पुसली नाही तरी चालेल. कुणाचं तोंड बंद करायला माझ्यासारख्याचा वापर करण्याआधी मात्र एवढं लक्षात ठेवा की मी आज्ञाधारक आहे. तुम्ही रागात लिहा, भीतीने लिहा, दुसऱ्याच्या धाकाने लिहा, मी ते तंतोतंत पाळीन आणि पुढेही पाळत जाईन.

गेल्या शनिवारी आयलीने फळ्यावर ती जुनी यादी लिहिली. तशी ती दरवर्षी शिकारीच्या आदल्या दिवसाजवळच्या शनिवारी लिहिते. एकच ओळ, 'हॉलची वाट सांगू नको.' मग विचारलं, "यात चूक कुठे आहे?"

परिचारिकेने लगेच हात वर केला. "शेवटची ओळ राहिलीय. 'बाकीच्यांना हो' असं लिहायला हवं होतं."

"सगळे हेच सांगतात," आयली म्हणाली. "मीसुद्धा पुष्कळ वर्षं स्वतःला हेच सांगत होते."

तेव्हा मागच्या बाकावरून एक म्हातारा उठला. तो कधी येऊन बसला, ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. चालताना त्याची बोटं माझ्या कपाळावरच्या पोच्याला लागली आणि क्षणभर तिथेच थांबली. तो गस होता. तो फळ्यापर्यंत गेला, आयलीच्या हातातून खडू घेतला, आणि त्या एकुलत्या एका ओळीवर आडवी रेघ मारली.

"चूक ही," तो म्हणाला.

"हो," आयली म्हणाली. "ही."